स्टॅम्प पेपर नाही, मग सौदा खोटा?

पंचवटीतल्या मार्केट यार्डात भाजीचा लिलाव बघा. कागद नंतर बनतो, सौदा आधी होतो. माल विक्री कायदा, १९३० चं कलम ६४ सांगतं: विक्री पक्की होईपर्यंत बोली मागे घेता येते, नंतर नाही.

तोंडी करारही वैध! १८७२ च्या करार कायद्याला हवी मुक्त संमती, सज्ञान व शुद्धीवरची माणसं, कायदेशीर मोबदला आणि हेतू. (जमिनीची गोष्ट वेगळी, तिथे नोंदणी बघाच.)

धमकावून सही घेतली, तर पीडिताला करार रद्द करता येतो. पण अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातच शून्य. १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात सावकाराचे पैसेही बुडाले, आणि निकाल मला आजही जरा कठोर वाटतो. पैजेचा करारही शून्यच.