घडीचा फोन: उघडणार असाल तरच

जाड आणि जड, हा घडीच्या फोनवरचा सगळ्यात जुना आक्षेप, आणि तो खराही होता. सॅमसंगने २०१९मध्ये आणलेला पहिला गॅलेक्सी फोल्ड २७६ ग्रॅमचा होता. जुलै २०२५मध्ये आलेला त्याच मालिकेतला झेड फोल्ड ७ भरतो २१५ ग्रॅम, म्हणजे त्याच कंपनीच्या न दुमडणाऱ्या एस २५ अल्ट्रापेक्षा तीन ग्रॅमने हलका. मिटल्यावर त्याची जाडी ८.९ मिलिमीटर आहे, आणि ओप्पो, विवो यांचे फोनही त्याच मापाच्या जवळपास पोचले आहेत. तेव्हा हा आक्षेप आता निकालात काढायला हरकत नाही. पण फोन बारीक झाला म्हणून तो घेण्यासारखा झाला, असं होत नाही. फोल्ड ७ची भारतातली सुरुवातीची किंमत होती १,७४,९९९ रुपये आणि एस २५ अल्ट्राची १,२९,९९९. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, जवळजवळ एकाच वजनाचे. मधले पंचेचाळीस हजार आपण नेमके कशासाठी मोजतो, एवढाच प्रश्न उरतो, आणि माझ्या मते त्याचं उत्तर फुटपट्टीने देता येतं.

उघडलेल्या फोल्ड ७ची स्क्रीन तिरकी मोजली तर आठ इंच आहे, अल्ट्राची ६.९ इंच. कागदावर फरक जेमतेम इंचभराचा वाटतो, पण तिरकं माप फसवं असतं. फोल्डची आतली स्क्रीन जवळपास चौकोनी, अल्ट्राची लांबुडकी पट्टी. क्षेत्रफळ काढलं तर फोल्डची स्क्रीन सुमारे पाऊणपटीने अधिक भरते. आता जाहिरातीत हमखास दिसतो तो प्रसंग घ्या, म्हणजे सिनेमा पाहण्याचा. चित्रपट, मालिका, यूट्यूब सगळं आडवं असतं. चौकोनी स्क्रीनवर ते लावलं की वर आणि खाली काळे पट्टे येतात आणि प्रत्यक्ष चित्र अल्ट्रावरच्या चित्रापेक्षा एक तृतीयांशानेच मोठं होतं. म्हणजे जो ग्राहक ‘मोठ्या स्क्रीनवर क्रिकेट बघू’ म्हणून घडीचा फोन घेतो, त्याने विकत घेतलेल्या जागेतली बरीचशी काळीच राहते. उभे रील पाहणाऱ्याला तर फोन उघडण्याचं काही कारणच नाही; ते बाहेरच्या साडेसहा इंची स्क्रीनवर छान दिसतात.

खरा फरक पडतो तो पान वाचताना. आपल्याकडे शासन निर्णय, सातबारा, प्रयोगशाळेचे अहवाल, बँकेची विवरणपत्रं, करारनामे, सगळं ए-फोर आकाराच्या पीडीएफमध्ये येतं. ए-फोर कागद सव्वाआठ इंच रुंद असतो. त्यावरचं १२ पॉइंटचं अक्षर अल्ट्रावर पूर्ण रुंदीत बसवलं की चार पॉइंटच्या आसपास उरतं. मराठी वाचणाऱ्याला इथे जास्त त्रास होतो, कारण जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या एवढ्या आकारात एकमेकांत मिसळून जातात. मग दोन बोटांनी मोठं करा, डावीकडे सरका, उजवीकडे सरका, ओळ हरवली की पुन्हा मागे या. फोल्डवर तेच अक्षर आठ पॉइंटच्या जवळ राहतं, वर्तमानपत्राच्या बारीक मजकुराएवढं. कोणी म्हणेल, साधा फोन आडवा धरला तर? तर अक्षर नऊ पॉइंटचं होतं, फोल्डवरच्यापेक्षाही मोठं. मात्र मग पानाचा एक तृतीयांश भागही एका वेळी दिसत नाही, आणि सातबारासारख्या कोष्टकात वरचं शीर्षक आणि खालचा आकडा एकत्र पाहता येत नाहीत. फोल्डवर पान जवळपास पाऊण दिसतं. स्क्रीनचे दोन भाग करून एकीकडे करारनामा आणि दुसरीकडे व्हॉट्सॲप उघडं ठेवणं, एक्सेलची शीट न चाळवता वाचणं, ही कामंही याच जातीची. पंचेचाळीस हजारांचा हिशेब लागतो तो इथे, दुसरीकडे फारसा कुठे नाही.

आणि गंमत अशी की, नेमकी याच कामाला लागणारी एक गोष्ट सॅमसंगने फोल्ड ७मधून काढून टाकली. आधीच्या काही फोल्डवर एस पेनने लिहिता येत असे. स्क्रीन बारीक करायची म्हणून तिच्याखालचा पेन ओळखणारा थर गेला. आठ इंचांची वही हातात आली, तेव्हा लेखणी गेली. ती लेखणी अल्ट्राच्या पोटात मात्र शाबूत आहे. बॅटरीचीही तीच कथा. २०२१च्या फोल्ड ३पासून फोल्ड ७पर्यंत ती ४,४०० एमएएचवर थांबलेली आहे, अल्ट्रामध्ये ५,००० आहे. (विवोने एक्स फोल्ड ५मध्ये ६,००० बसवून हे जमू शकतं असं दाखवलं, हेही सांगायला हवं.) म्हणजे सडपातळपणा फुकट आलेला नाही. दुकानात हातात घेतल्यावर लगेच जाणवेल ते सुधारलं आणि चार महिन्यांनी जाणवेल ते मागे राहिलं.

आता नाजूकपणाचा मुद्दा. तो नीट समजून घ्यायचा तर काच वाकते कशी, हे पाहायला हवं. कुठलीही वस्तू वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वस्तू जितकी जाड, तितका हा ताण अधिक. साध्या फोनवरची काच अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जाड असते. दीड मिलिमीटर त्रिज्येत ती वाकवायची म्हटलं तर तिच्या पृष्ठभागाला सोळा-सतरा टक्के ताणावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी तिचे तुकडे होतील. काच तीस मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक केली की हाच ताण एक टक्क्यावर येतो आणि ती वाकते. सॅमसंगने २०२०च्या झेड फ्लिपपासून अशी अतिपातळ काच वापरायला सुरुवात केली. पण केसाहून बारीक काच एकटी काय टिकणार? म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचे थर येतात आणि आपलं बोट फिरतं ते या प्लॅस्टिकवर. त्यावर टोकदार नखानेही वण उठू शकतो. हे थर एकमेकांना चिकटवणारा मऊ डिंक वारंवार वाकून वाकून हळूहळू सरकतो, आणि मधली ती घडीची रेघ उमटते. रेघेची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. समोरून पाहताना ती दिसत नाही, आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाची सवय मात्र हातांना लावून घ्यावी लागते. किल्ली, नाणं, वाळूचा खडा मध्ये ठेवून फोन मिटला की खेळ संपला.

२०१९मध्ये हेच झालं होतं. पहिला फोल्ड एप्रिलमध्ये परीक्षणासाठी पत्रकारांना दिला गेला आणि दोन-तीन दिवसांत काहींच्या स्क्रीन बंद पडल्या. काहींनी वरचा थर खोक्यातून आलेली साधी संरक्षक फिल्म समजून सोलून काढला, काहींच्या बिजागरीजवळच्या फटीतून कण आत शिरले. सॅमसंगला विक्री पुढे ढकलावी लागली. थराच्या कडा चौकटीखाली दडवून आणि फटींना टोप्या बसवून तो फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला, भारतात ऑक्टोबरमध्ये. तेव्हापासून सुधारणा खूप झाली, हे अमान्य करण्यात अर्थ नाही. फोल्ड ७ पाच लाख वेळा उघड-मीट सहन करतो असा कंपनीचा दावा आहे. रोज शंभर वेळा उघडला तरी हे साडेतेरा वर्षं पुरेल, आणि तोवर बॅटरीने केव्हाच मान टाकलेली असेल. पण हा आकडा ऐकवणारा विक्रेता भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. प्रयोगशाळेतलं यंत्र फोन एकसारख्या जोराने, स्वच्छ हवेत मिटतं. माणसाच्या हातातला फोन उघडून-मिटून थकत नाही. तो पडतो, त्यात काहीतरी अडकतं, त्यावर कोणीतरी बसतं. फोल्ड ७वर आयपी४८ असं लिहिलेलं असतं. त्यातला आठ पाण्यासाठी आहे आणि तो भरवशाचा, पावसात अडकलात तर घाबरायचं कारण नाही. चार आहे घन कणांसाठी, आणि त्याचा अर्थ एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत इतकाच. आपल्या रस्त्यावरची धूळ, बांधकामावरचं सिमेंट, गुहागर किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरची वाळू बहुतेक सगळी त्याहून बारीकच असते. गूगलने पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ हे मानांकन मिळवून दिलं, त्यात धुळीपासूनचं पूर्ण संरक्षण येतं. धुळीत काम करणाऱ्याने घडीचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हा पहिला आकडा पाहावा.

‘थोडं थांबा, किमती उतरतील’ असा सल्ला दरवर्षी दिला जातो. तो अर्धाच खरा ठरला आहे. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फोनच्या बाबतीत बोलायचं तर २०१९चा पहिला फोल्ड भारतात १,६४,९९९ रुपयांना आला होता आणि सहा वर्षांनी सातवा आला तो दहा हजारांनी महाग. महागाई वजा केली तर तो स्वस्त झाला म्हणता येईल, पण त्याने सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात फरक पडत नाही. टेक्नोने २०२३मध्ये फँटम व्ही फोल्ड ८८,८८८ रुपयांना आणला, वनप्लसने त्याच वर्षी ओपन १,३९,९९९ला. पण २०२५मध्ये आपण घडीचा फोन आणणार नाही, असं वनप्लसनेच जाहीर केलं. २०१८मध्ये सगळ्यांच्या आधी घडीचा फोन बाजारात आणणारी चीनची रोयोल कंपनी तर दिवाळखोरीत गेली. कारण उघड आहे. एकाच्या जागी दोन स्क्रीन, शंभरावर सुट्या भागांची बिजागरी (ओप्पोच्या पहिल्या फाइंड एनच्या बिजागरीत १३६ भाग होते) आणि जगातल्या एकूण स्मार्टफोन विक्रीत एक-दोन टक्क्यांचा वाटा. एवढ्याशा संख्येवर खर्च विभागून स्वस्ताई येत नाही.

यावर सगळ्यात वजनदार युक्तिवाद असा: घडीच्या फोनची तुलना फोनशी करूच नका, फोन अधिक टॅबलेट या जोडीशी करा. करू या. तीस-पस्तीस हजारांचा चांगला फोन आणि तेवढ्याच किमतीचा दहा-अकरा इंची टॅबलेट घेतला तरी खिशात लाखभर रुपये उरतात. त्या टॅबलेटवर ए-फोर पान एका वेळी अख्खं दिसतं, बॅटरी दुप्पट असते, पडला तर फोन तरी चालू राहतो आणि घरातला शाळकरी मुलगा त्यावर अभ्यासही करू शकतो. मात्र तो घरी राहतो, किंवा बॅगेत. म्हणून मला वाटतं, घडीच्या फोनचा खरा गिऱ्हाईक टेबलाशी बसून काम करणारा नाहीच. तो उभ्याने काम करणारा आहे: साइटवर नकाशा पाहणारा अभियंता, कोर्टाच्या व्हरांड्यात कागद चाळणारा वकील, वॉर्डातून फिरताना अहवाल वाचणारा डॉक्टर, लोकलमध्ये शीट तपासणारा हिशेबनीस. दिवसातून वीस वेळा पान उघडावं लागतं आणि बॅग उघडायला सवड नसते, अशा माणसाला हे पंचेचाळीस हजार वर्षभरात वसूल वाटतील. बाकीच्यांच्या हातात तो फोन बहुतेक वेळ मिटलेलाच राहील, आणि मिटलेला फोल्ड म्हणजे छोट्या बॅटरीचा, लांबवरचं टिपणारा कॅमेरा कमजोर असलेला एक साधा फोन.

डबीसारख्या मिटणाऱ्या फ्लिपचं गणित वेगळं आहे आणि सोपं आहे. तिथे जास्तीची स्क्रीन मिळत नाही, फक्त आकार निम्मा होतो. पण किमतीतला फरकही तेवढा नाही. झेड फ्लिप ७ भारतात १,०९,९९९ रुपयांना आला आणि त्याच्या शेजारी बसणारा एस २५ प्लस ९९,९९९ला होता. मोटोरोलाचा रेझर तर २०२०मधल्या १,२४,९९९वरून २०२३च्या रेझर ४०मध्ये ५९,९९९ला उतरला. ‘किमती उतरतील’ हा सल्ला खरा ठरला तो या घरात. दहा हजार जास्त द्यायचे आणि दूरचं टिपणारा कॅमेरा सोडून द्यायचा, त्या बदल्यात सात इंची फोन कुर्त्याच्या किंवा स्त्रियांच्या जीन्सच्या त्या नावापुरत्या खिशात मावतो. कपडे शिवणाऱ्यांनी खिसे नीट शिवले असते तर कदाचित याची गरज भासली नसती. अर्धवट मिटून टेबलावर उभा ठेवता येतो, त्यामुळे व्हिडिओ कॉलला टेकू लागत नाही. हौसेची खरेदी म्हणून ती समजण्यासारखी आहे, आणि हौसेला हिशेब मागण्याचा कोणाला अधिकार नाही.

फोल्ड घ्यायचाच असेल तर दुकानातला डेमो व्हिडिओ पाहू नका. स्वतःच्या कामाची पीडीएफ, स्वतःची शीट त्याच्यावर उघडायला लावा आणि पाच मिनिटं उभ्याने वाचा. स्क्रीनचा विमा खरेदीच्या वेळीच घ्या, कारण आतली स्क्रीन बदलण्याचा खर्च एका बऱ्यापैकी नव्या फोनएवढा येतो आणि आपटून-दाबून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. जुना विकायला काढलात तर साध्या फोनपेक्षा भाव जास्त पडतो. घेणाऱ्याला आतल्या थरांची झीज डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून तो धोका किमतीतून कापून घेतो. सॅमसंग सात वर्षं अपडेट देण्याचं वचन देते, पण तेवढ्या काळात आतल्या स्क्रीनवरची फिल्म सोलवटली की ती कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात शंभर रुपयांत लावून मिळणार नाही, अधिकृत केंद्रातच जावं लागेल. तेव्हा पैसे भरण्याआधी एक चौकशी करा: आतली स्क्रीन बदलून देणारं सर्वात जवळचं केंद्र आपल्या गावात आहे, की जिल्ह्याच्या ठिकाणी, की थेट पुण्या-मुंबईला, आणि तोवर दुसरा फोन कुठला वापरणार?