मुशीची भीती सोडा, मुशीचे बी राखा

सुटीच्या दिवशी अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेली मुंबई-पुण्याची गर्दी दिसते. ही गर्दी आता नवीनच काही मागू लागली आहे. "इथे स्कूबा होतं का हो?" हा प्रश्न घोडागाडीवाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकावा लागतो. परवा किनाऱ्यावरच्या एका गावी ग्रामसभेत पीक विम्याची माहिती द्यायला गेलो होतो. सभा उठल्यावर दोन-तीन तरुणांनी गाठले. "साहेब, मालवणसारखं स्कूबा आपल्याकडे काढलं तर? पण खाली मुशी आली तर काय करायचं?" मागे बसलेले एक म्हातारे नाखवा हसले आणि म्हणाले, "मुशी हाय कुठं आता?"

माझे काम भात, वाल आणि पांढऱ्या कांद्याचे. पण आपल्या तालुक्यात बांध संपतो तिथे दर्या सुरू होतो, आणि एकाच घरात एक भाऊ शेतावर तर दुसरा होडीवर असतो. म्हणून तरुणांच्या प्रश्नाचे आणि नाखवांच्या प्रश्नाचेही उत्तर शोधायचे ठरवले.

आपले पाणी गढूळ का?

स्कूबा म्हणजे पाठीवर दाबाच्या हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत फिरणे. त्याला पहिली गरज स्वच्छ पाण्याची. अलिबागच्या उत्तरेला धरमतरची खाडी, दक्षिणेला रेवदंड्याला कुंडलिका. दोन्हींचा गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत ढवळला जातो आणि तळही बराचसा चिखलाचा आहे. बोंबील, जवळा, करंदी यांना हेच पाणी मानवते, पण पाणबुड्याला त्यात आपलाच हात नीट दिसायचा नाही.

मालवणला किनाऱ्यालगत खडक आहेत, प्रवाळ आहे. तिथला समुद्री भाग 1987 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. मी स्वतः मालवणला एकदा उतरलो. प्रशिक्षक टाकी धरून सोबत होता. खडकाभोवती रंगीबेरंगी मासे फिरत होते. मुशी मात्र एकही दिसली नाही.

आंग्रेंच्या नावाचा बुडालेला डोंगर

मुशीचे खरे घर पाहायचे तर खोल दर्यात जावे लागेल. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर पाण्याखाली एक मोठे पठार आहे. त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात. ही बँक पैशाची नव्हे, समुद्रातला उंचवटा. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला आहे. 1729 साली वारलेल्या कान्होजींची समाधी आपल्या अलिबाग शहरातच आहे, म्हणजे नात्याने हे पठार आपलेच.

त्याचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर आहे, कडेला मात्र समुद्र एकदम खोल जातो. जमिनीपासून दूर असल्याने नद्यांचा गाळ तिथे पोचत नाही. ऊन खोलवर जाते, म्हणून तिथे प्रवाळ वाढले आहे. 2019-20 च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांच्या पथकाने 'सागर संपदा' या जहाजावरून तिथे जाऊन, पाण्यात उतरून पाहणी केली. मोठे मासे अशा जागी चाऱ्यासाठी येतात आणि त्यांच्या मागे शार्क येतात.

पण हे येरागबाळ्याचे काम नव्हे. दर 10 मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 20 मीटरवर तो किनाऱ्याच्या तिप्पट होतो. घाबरून झपकन वर आले, तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडू शकतो, प्रसंगी दगावतो. श्वास रोखून वर आले तर फुप्फुस फाटते. म्हणून शार्क दिसला तरी पाणबुड्याला पहिला धडा हाच देतात, की घाबरायचे नाही, जोडीदाराला सोडायचे नाही, हातपाय आपटायचे नाहीत, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश बाजूला व्हायचे.

मुशी माणूस खाते का?

जगभरात शार्कने आपणहून माणसाला चावल्याच्या नोंदी वर्षाला साधारण 60 ते 70 होतात. त्यांतले बहुतेक लोक वाचतात. धोका अजिबातच नाही असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला होता. काही जाती खाडीतून गोड्या पाण्यापर्यंत येतात हे खरे आहे. पण उलट बाजूही पाहा. माणूस दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो. आपल्या भातखाचरात धामण मारली की उंदीर माजतात. दर्यात आजारी आणि दुबळे मासे टिपून कळप निरोगी ठेवण्याचे काम मुशी करते.

आणि सगळ्यांत मोठा शार्क, व्हेल शार्क, हा तर पाणी गाळून बारीक जीव खाणारा. चाळीस फुटांचे धूड, पण माणसाला त्याचा उपद्रव नाही. गुजरातेत वेरावळकडे पूर्वी त्याला मारून त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावत. 2001 मध्ये कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण मिळाले. 2004 पासून मोरारीबापूंनी लोकांना समजावले, की ही 'व्हाली', म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत.

कोंबडीचा हिशोब गाईला नको

आता नाखवांचा प्रश्न. मुशी गेली कुठे? बहुतेक मासे हजारो-लाखो अंडी टाकतात. त्यांची गोष्ट कोंबडीसारखी, एक हंगाम गेला तरी दुसऱ्यात भरून निघतो. मुशीचे तसे नाही. पुष्कळ जाती गाईसारख्या जिवंत पिल्ले देतात, तीही मोजकी. मोठ्या जातींना वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात. बाळंतिणीला दूध यावे म्हणून आपल्याकडे लहान मुशी आवडीने देतात. त्यात गैर काही नाही, पण बाजारात पाट्या भरून पिल्लेच येऊ लागली, तर गोठ्यातल्या कालवडी खाटकाला देण्यासारखे झाले. पेरणीचे बी दळून खाल्ले, की पुढच्या मृगाला काय पेरणार?

मालदीवने हा हिशोब लवकर ओळखला. जिवंत शार्क पाहायला येणारा पाणबुड्या वर्षानुवर्षे पैसे देतो, मेलेला शार्क एकदाच. म्हणून 2010 मध्ये त्यांनी शार्कची मासेमारीच बंद केली. आपल्या देशाने 2015 पासून शार्कच्या परांची निर्यात बंद केली आहे.

जाळ्यात सापडली तर

सगळ्याच मुशींना बंदी नाही. पण व्हेल शार्क, करवत मासा, समुद्री कासव, डॉल्फिन असे जीव संरक्षित आहेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही यादी वाढली आहे. पहिल्या अनुसूचीतला जीव मारला तर 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. उलट, असा जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर डिसेंबर 2018 च्या शासन योजनेप्रमाणे 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी जीव सोडतानाचे फोटो किंवा चित्रण लागते. ते मोबाईलवरही होते. नौकेची कागदपत्रे आधीच नीट ठेवा आणि किनाऱ्यावर येताच मत्स्य व्यवसाय कार्यालयाला कळवा.

हे सांगितल्यावर नाखवांनी विचारले, "पंचवीस हजारात नवं जालं येतं काय?" बहुतेक वेळा येत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी भरपाई वाढवण्याचे ठराव करून पाठवावेत. संरक्षित जिवांच्या चित्रांचा एक फलक बंदरावर लावावा. ग्रामसेवकांनी अर्ज भरायला हात द्यावा. 1 जून ते 31 जुलैची बंदी मनापासून पाळावी.

आणि तरुणांनो, अलिबागच्या गढूळ पाण्यात स्कूबाच्या नादाने कर्ज काढू नका. आवड असेल तर तारकर्लीला जाऊन रीतसर शिका. पोहणारी, दर्या जाणणारी आपली पोरे यात मागे पडणार नाहीत. उद्या कोणी पर्यटकांना घेऊन खोल दर्यात गेला, तर दाखवायला मुशी शिल्लक हवी. ती राहील की नाही, हे आज वावरीवर बसलेल्या तुमच्या वडिलांच्या हातातल्या सुरीवर आहे. ती सुरी मुशीवर चालवायची की जाळ्यावर, एवढेच ठरवायचे आहे.