पाण्याच्या काठावरचे पिस्तूल

इटालियन वेस्टर्न म्हणजे नुसती मारधाड, असा आपल्याकडे समज आहे. बीडच्या कोरड्या माळावर उभे राहून पाहिले तर हा समज टिकत नाही.

आडबाजूच्या एका रेल्वे स्थानकावर तीन बंदूकधारी गाडीची वाट पाहत आहेत. जुनी पवनचक्की कुरकुरते आहे. एकजण तोंडावर बसणाऱ्या माशीने हैराण झाला आहे, दुसरा बोटे मोडतो आहे आणि तिसऱ्याच्या टोपीवर वरून थेंब थेंब पाणी गळते आहे. तो बाजूला सरकत नाही. गाडी यायच्या वेळेला तो टोपी काढतो आणि तिच्या काठात साचलेले पाणी पिऊन टाकतो. सेर्जिओ लिओने यांच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची ही सुरुवात दहा मिनिटांहून अधिक चालते आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीत. संथ लय, नुसत्या आवाजांतून चढत जाणारा ताण आणि पडदाभर पसरलेले चेहरे यांसाठी हा प्रसंग जगभर वाखाणला गेला. ते योग्यच आहे. पण बीड जिल्ह्यातल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत आधी भरावे ते टोपीतले पाणी. कारण हा चित्रपट पाण्याचा आहे. पिस्तूल त्यात पाण्याच्या मागून येते, आणि इटालियन वेस्टर्नचे मोल ओळखायचे तर हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

कथेचा सांगाडा पाहिला तर हे लगेच पटते. मॅकबेन नावाचा एक विधुर ओसाड माळावर जमीन घेतो. लोक त्याला वेड्यात काढतात. त्याचा हिशेब मात्र पक्का असतो: रूळ आज ना उद्या इकडून जाणार, वाफेच्या इंजिनाला पाणी लागणार आणि त्या टापूत पाणी आहे ते फक्त आपल्या विहिरीत. रेल्वेमालक मॉर्टनचा भाडोत्री मारेकरी फ्रँक त्याला मुलाबाळांसह गोळ्या घालतो. पुढचा सगळा झगडा मॅकबेनची नवी बायको जिल ती जमीन राखते का, आणि रूळ पोहोचण्याआधी तिथे स्थानक उभे राहते का, याचा आहे, कारण तसे झाले नाही तर करारातला हक्कच संपतो. मॉर्टनला रूळ प्रशांत महासागरापर्यंत न्यायचे असतात. तो मरतो गढूळ पाण्याच्या एका डबक्याशी सरपटत जाऊन, आणि त्या वेळी आपल्याला समुद्राच्या लाटा ऐकू येतात. शेवटच्या दृश्यात जिल रुळांवर राबणाऱ्या मजुरांना पाणी नेऊन देते. टोपीतल्या थेंबांपासून मजुरांच्या घोटापर्यंत लिओने यांनी सगळी कथा पाण्याच्या धाग्यावर ओवली आहे.

आता बीडकडे पाहू. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. वाफेसाठी पाणी हवे, हे मॅकबेनचे गणित सव्वाशेहून अधिक वर्षांनी परळीत पुन्हा खरे ठरले. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण लातूर शहराची तहान भागवते. ते आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग ही पिढ्यानपिढ्यांची मागणी. त्यावरची गाडी आष्टीपर्यंत आली सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. रूळ कुठून जाणार, जमीन कोणाची जाणार, भाव कोणाला आधी कळणार, पाणी कोणाच्या हाती राहणार, हे प्रश्न इथे कोणाला समजावून द्यावे लागत नाहीत. म्हणूनच हा चित्रपट रोम किंवा न्यूयॉर्कपेक्षा इथे अधिक नीट समजू शकतो, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की ही उसनी गोष्ट आहे. अमेरिकेच्या कथेचा मराठवाड्याशी काय संबंध? पण वेस्टर्नचा इतिहासच उसनवारीचा आहे. लिओने यांचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिंबो’वरून (१९६१) बेतलेला होता. ‘योजिंबो’ काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला आणि इटालियन निर्मात्यांना भरपाई द्यावी लागली. एका जपानी सामुराईची गोष्ट इटालियन दिग्दर्शकाने सांगितली आणि अमेरिका म्हणून दाखवले ते स्पेनमधल्या अल्मेरियाचे रखरखीत रान. ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हे नाव हिणवण्यासाठी पडले. पुढे तेच ओळख झाले. एवढा प्रवास करूनही ही कथा जिवंत राहिली, कारण तिला देश लागत नाही. तिला लागते कोरडी जमीन, दूरचा कायदा आणि जवळचा सावकार.

उसने घेताना काय उचलले आणि काय मागे ठेवले, हे मात्र तपासायला हवे. ‘शोले’मध्ये (१९७५) ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग मॅकबेन कुटुंबाच्या हत्येची थेट आठवण करून देतो. रामनगरच्या खडकांत चित्रित झालेला तो चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. पण लिओने यांच्या कथेत मारेकऱ्यामागे मालक आहे, मालकामागे रूळ आहेत आणि रुळांमागे पाण्याचा हिशेब आहे. ‘शोले’त मारेकरी राहिला, मालक गळाला. गब्बरला कोणी नेमलेले नाही. तो स्वतःच दुष्टपणाचे मूळ आहे. त्यामुळे तो संपला की गावाचा प्रश्नही सुटतो. लिओने इतका सोपा दिलासा देत नाहीत. फ्रँक मरतो, पण रूळ पुढे सरकतच राहतात.

इथे इटालियन रहस्यपटाचा धागा येऊन मिळतो. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची मूळ कथा लिओने यांच्याबरोबर बर्नार्दो बेर्तोलुची आणि दारिओ आर्जेंतो यांनी रचली. आर्जेंतो तेव्हा चित्रपट समीक्षक होते. १९७० मध्ये त्यांनी ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ हा पहिला चित्रपट केला आणि ‘जाल्लो’ या प्रकाराला जगभर प्रेक्षक मिळवून दिला. जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात काढलेल्या रहस्यकथांवरून हे नाव पडले. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला ते जवळचे वाटेल. आर्जेंतोंच्या नायकाने काचेपलीकडे हल्ला होताना पाहिलेला असतो. सगळे डोळ्यांसमोर घडलेले असते, पण कोण कोणावर तुटून पडले होते, हेच त्याने उलटे वाचलेले असते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्येही हार्मोनिका वाजवणाऱ्या नायकाची एक अंधूक आठवण वरचेवर येते आणि तिचा अर्थ थेट शेवटच्या द्वंद्वात उलगडतो. दोन्हींची शिकवण एकच: पाहणे म्हणजे समजणे नव्हे. पिस्तूल सगळ्यांना दिसते. करारातली अट दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बीडचे नाव अलीकडे बंदूक, खंडणी आणि दहशतीच्या बातम्यांतूनच राज्यभर गेले. अशा जिल्ह्यात पिस्तुलांच्या चित्रपटांचे गोडवे गाणे घातक नाही का? पिस्तुलाची ऐट मिरवणारे चित्रपट आहेत आणि इटलीतही ते ढिगाने निघाले. त्यांचे समर्थन करता येणार नाही. पण या प्रकारातली उत्तम उदाहरणे नेमकी ती ऐट मोडतात. फ्रँकच्या भूमिकेसाठी लिओने यांनी हेन्री फोंडा यांना घेतले. हा पडद्यावरच्या लिंकनचा चेहरा, आणि ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मधल्या, दुष्काळाने परागंदा झालेल्या टॉम जोडचाही. तोच चेहरा इथे आपल्या पहिल्याच प्रसंगात एका लहान मुलाला गोळी घालतो. सेर्जिओ कोर्बुची यांच्या ‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये (१९६८) भुकेने डोंगरात पळालेली माणसे कायद्याच्या लेखी गुन्हेगार आहेत आणि बक्षिसासाठी त्यांना टिपणारे मारेकरी कायदेशीर. शेवटी मुका नायक मरतो, मारेकरी जिंकतात. हे पाहून कोणाला पिस्तूल विकत घ्यावेसे वाटणार नाही. कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे, असा प्रश्न मात्र नक्की पडेल.

तिसरा आक्षेप संवेदनशील माणसांचा: दुष्काळ, आत्महत्या, ऊसतोड असले विषय थरारपटात घालणे म्हणजे दुःखाची करमणूक करणे. मला वाटते, धोका उलट बाजूला आहे. मराठवाड्याचे दुःख वर्षानुवर्षे करुणेच्या एकाच सुरात सांगितले गेले, त्यामुळे त्यातला शेतकरी केवळ सोसणारा उरला. थरारपट माणसाला निर्णय घ्यायला लावतो. त्यात प्रत्येकाला काहीतरी हवे असते आणि ते दुसऱ्याच्या हातात असते. ऊसतोडीचीच मांडणी पाहा. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दिवाळीच्या सुमाराला टोळी पाण्याच्या प्रदेशातल्या उसाच्या फडात जाते आणि फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामावर चढते. कर्ज, भाडोत्री, दूरचा मालक, मध्यस्थ आणि पाणी, म्हणजे वेस्टर्नचे सारे घटक इथे जागच्या जागी आहेत. या प्रकाराचे मराठीला वावडे नाही, हेही सिद्ध झाले आहे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) इतका पक्का होता की हिंदीने त्यावरून ‘मेरा साया’ (१९६६) केला. ‘घर बंदूक बिरयानी’ने (२०२३) डोंगर, बंदूक आणि भूक एकत्र आणून पाहिली.

लिओने यांचा चित्रपट निर्दोष नाही. जिलला पुरुषांनी दिलेले सल्ले आज खटकतात, आणि शेवटी ती मजुरांना पाणी देते ते सेवेसारखे दाखवले आहे. पण ती विहिरीची मालकीणही आहे, हे त्या दृश्यात विसरता येत नाही. पाणी वाहणारी बाई आणि पाण्यावर हक्क असणारी बाई इथे एकच आहे. बीडमध्ये हंडा डोक्यावर घेणारी आणि हंगामात कोयता धरणारी बाई एकच असते. पाण्यावरचा हक्क मात्र तिच्याकडे नसतो. हे अंतर दाखवणारा मराठी चित्रपट अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा त्यात पिस्तूल असेल किंवा नसेलही. करारातली अट मात्र पडद्यावर स्पष्ट वाचता आली पाहिजे.