अंडे आपल्या ताटात, भार कोंबडीच्या हाडांवर

गेल्या हिवाळ्यात आमगावच्या आठवडी बाजारातून आम्ही दोन पांढऱ्या कोंबड्या आणल्या. विकणारा म्हणाला, "लेयर आहेत, फार्मवरून काढलेल्या. गावरानीच्या निम्म्या भावात घ्या." घरी येऊन पायांची सुतळी सोडली, तर एक उभीच राहीना. दुसरीच्या छातीचे हाड हाताला वाकडे लागले. अम्मींनी मूठभर कनकी टाकली. आमच्या गावरान कोंबड्या धावत आल्या, या दोघी जागच्या हलल्या नाहीत. अम्मी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बेटा, ह्या आजारी नाहीत, थकल्यात."

उभी न राहणारीला वेदनेत ठेवणे बरे वाटले नाही, म्हणून तिला त्याच संध्याकाळी जिबह केले. साफ करताना तिच्या मांडीचे हाड बोटाच्या दाबाने मोडले. अम्मींनी वापरलेला 'थकणे' हा शब्द किती नेमका होता, हे पुढे वाचन करू लागलो तेव्हा कळले.

बारा अंड्यांची तीनशे कशी झाली?

आपली पाळीव कोंबडी लाल रानकोंबडीची वंशज आहे. ही रानकोंबडी आजही बस्तरच्या जंगलात आढळते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने कोंबडी माणसाळण्याचा संबंध आग्नेय आशियातील धानशेतीशी जोडला आहे. धानाच्या दाण्यामागे रानकोंबडी माणसाच्या वस्तीजवळ आली, असे ते सांगते. खळ्यावर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पाहणाऱ्या आपल्या गोंदिया जिल्ह्यातील माणसाला यात नवल वाटणार नाही.

ही रानकोंबडी वर्षाला साधारण दहा-पंधरा अंडी देते, तीही पिल्ले काढण्यासाठी. फार्मवरची लेयर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. निवडक पैदास, मोजून दिलेले खाद्य आणि दिवसाला सोळा तासांपर्यंतचा उजेड यांमुळे हे साधले. उजेड लांबला की कोंबडीच्या शरीराला अंडी देण्याचा हंगाम सुरू असल्याचे वाटते. दिव्यांमुळे तो हंगाम बाराही महिने चालतो.

यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या व्यवसायाचे केंद्र झाले. 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि 'संडे हो या मंडे' ही जाहिरात घराघरांत पोहोचली. त्यामुळे अंडे गरिबाच्या ताटात आले, हे उपकार नाकारता येणार नाहीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले, तेव्हा त्या दिवशी मुलांचे चेहरे कसे उजळत, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला, तेव्हा वाईटही वाटले. म्हणून हा लेख अंड्याच्या विरोधात नाही. ते देणाऱ्या जिवाचा हिशेब मांडावा, एवढाच हेतू आहे.

कवचाचा हिशेब

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. तीनशे अंड्यांचे सहाशे ग्रॅम झाले. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून कॅल्शियम असते जेमतेम वीस ग्रॅम! म्हणजे एका वर्षात ती आपल्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम शरीराबाहेर टाकते.

अंडे तयार व्हायला सुमारे चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यांतले वीसेक तास कवच चढण्यात जातात. हे काम बरेचसे रात्री चालते. रात्री कोंबडी खात नाही, मग कॅल्शियम आणायचे कुठून? निसर्गाने तिच्या हाडांच्या पोकळीत यासाठी एक खास साठा ठेवला आहे. रात्री तो वापरायचा आणि दिवसा खाद्यातून भरायचा. पण अंडी देणे चालू असते तोवर शरीराचा भार पेलणारे मूळ हाड नव्याने बनत नाही. ते थोडे थोडे झिजत जाते.

रानकोंबडी किंवा आपली गावरान कोंबडी डझनभर अंडी देऊन खुडूक बसते. अंडी थांबतात आणि त्या काळात मूळ हाड पुन्हा भरून येऊ लागते. म्हणजे खुडूक बसणे ही तिची सुट्टी आहे. लेयरच्या जातीतून पैदास करणाऱ्यांनी हा गुणच काढून टाकला. तिला सुट्टी नाही.

परिणाम दिसतोच. हाडे ठिसूळ होतात, पाय लुळे पडतात, छातीचे हाड वाकते किंवा मोडते. डेन्मार्कमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 4,800 कोंबड्या तपासल्या, त्यांपैकी जवळपास 85 टक्के कोंबड्यांच्या छातीचे हाड मोडलेले आढळले. यात पिंजऱ्यातल्याही होत्या आणि मोकळ्या ठेवलेल्याही. म्हणजे दोष एकट्या पिंजऱ्याचा नाही. शिवाय अंडे पोटात फुटून किंवा अडकून होणारा संसर्ग, अंडनलिका बाहेर येणे, यकृतावर चरबी चढणे हे आजार आहेतच. कोंबडीला अंडाशयाचा कर्करोग इतका होतो, की बायकांच्या त्या आजाराच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबडीच वापरतात.

पिंजरा हा त्रास वाढवतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे एका कोंबडीला सुमारे 450 चौरस सेंटिमीटर जागा मिळत आली. विद्यार्थी ज्या कागदावर प्रकल्प लिहितात, तो ए-फोर कागद 620 चौरस सेंटिमीटरहून मोठा असतो! पंख पसरायला जागा नाही, माती उकरायला माती नाही, आणि हालचाल नसली की हाड आणखी कमकुवत होते.

कायदा हळूहळू जागा होत आहे. उपाशी ठेवून पिसे झडवायची आणि मग पुन्हा अंडी घ्यायची, ही पद्धत थांबवा असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2011 साली बजावले. विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात या कोंबड्यांचा प्रश्न मांडला. 2023 च्या नियमांनी किमान जागा 550 चौरस सेंटिमीटर केली. युरोपीय संघाने 2012 पासून जुन्या पद्धतीचे उघडे पिंजरे बंद केले आहेत.

आपला दीन काय सांगतो?

कोंबडी हलाल आहे, अंडेही हलाल आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना कोंबडी खाताना पाहिल्याचे ह. अबू मूसा (रजि.) यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. पण त्याच हदीस संग्रहात दुसरीही एक कोंबडी आहे. काही मुलांनी तिला बांधून नेमबाजीचे निशाण केले होते. ह. अनस (रजि.) यांनी ते पाहिले आणि प्रेषितांनी (स.) जनावराला असे बांधून मारण्यास मनाई केल्याचे सांगितले.

अबू दाऊदमधील उंटाची हकिकत तर या विषयाशी थेट जुळते. एका अन्सारी सहाबींच्या बागेत एक उंट प्रेषितांना (स.) पाहून रडू लागला. प्रेषितांनी (स.) त्याला शांत केले, मालकाला बोलावले आणि अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. उंटाची तक्रार होती, की मालक उपाशी ठेवतो आणि अति काम करून घेतो. काम करून घेणे गैर नव्हते. ताकदीपलीकडे करून घेणे गैर होते. सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. मग ज्या समुदायाकडून आपण रोज घेतो, त्याचा हक्क कधी देणार?

आपल्या हातात काय आहे?

ज्यांच्या अंगणात कोंबड्या आहेत, त्यांनी अंड्याची टरफले फेकू नयेत. ती भाजून, बारीक कुटून दाण्यात मिसळावीत, किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवावा. नुसत्या कनकी-कोंढ्यावर कोंबडीची हाडे भरत नाहीत. खुराडे कोरडे असावे. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवणे, नाकात पीस खुपसणे हे प्रकार बंद करावेत. तिला तिची सुट्टी द्यावी.

ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी जागेच्या नियमाकडे दंडाची भीती म्हणून पाहू नये, अमानत म्हणून पाहावे. बाजारातून कोंबडी आणताना सायकलच्या दांड्याला उलटी लटकवू नये. फार्मवरच्या कोंबडीचे हाड किती ठिसूळ असते, हे आता आपल्याला माहीत आहे. आणि घरात अंडे वाया जाऊ देऊ नये. सहरीला उकडून उरलेले, सडेपर्यंत विसरलेले प्रत्येक अंडे कुणाच्या तरी हाडातून आलेले आहे.

ती दुसरी कोंबडी आम्ही अंगणात ठेवली. पहिले काही दिवस ती कोपऱ्यात बसून राही, माती उकरणे तिला ठाऊकच नव्हते. मग एका सकाळी गावरान कोंबड्यांचे पाहून तिने पायाने माती ओढली, थांबली, पुन्हा ओढली. अम्मींनी आम्हाला हाक मारून दाखवले. आता ती अंडी फार थोडी देते. अम्मी म्हणतात, "राहू दे. तिने तिच्या वाटची देऊन झालीत."