बोटुकलीचे कूळ विचारा: गोड्या पाण्यातल्या माशांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

जायकवाडीचा डावा कालवा जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीला लागून जातो, शहागडजवळ गोदावरी आहे आणि परिसरात शेततळीही झाली आहेत. त्यामुळे शेतीला जोड म्हणून मासे पाळण्याचा विचार इथे सहज होतो. जोडधंदा चांगलाच आहे. पण तो टिकवायचा असेल तर काही समज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज : रोहू गोदावरीचाच मासा आहे.
वस्तुस्थिती : रोहू मूळचा गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतला. 10 जुलै 1957 रोजी शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले आणि पुढे रोहूचे बीज देशभर पोचले. शेततळ्यात तो जरूर वाढवावा. मात्र मरळ, वाम, महसीर हे गोदावरीच्या खोऱ्याचे स्वतःचे मासे आहेत आणि रोहू त्यांची जागा भरून काढत नाही.

गैरसमज : बीज केंद्रात लाखो पिल्ले होतात, मग वाण कसा संपेल?
वस्तुस्थिती : संख्या वेगळी आणि विविधता वेगळी. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्यामुळे मोजक्या जोड्यांवर वर्षाची मागणी भागते. पुढच्या वर्षी त्यांच्याच पिल्लांतून नर-मादी निवडले की भावंडांचा आपसात संकर होतो. कर्नाटकातील बीज केंद्रांवरच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा अंतःप्रजननाचा दर वर्षाला 2 ते 17 टक्के आढळला. अशा बीजाची वाढ खुंटते आणि रोगाला तोंड देण्याची ताकद कमी होते. बैल घेताना आपण त्याची वंशावळ विचारतो, तशी बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाचीही विचारायला हवी.

गैरसमज : सुधारित वाण मिळाला की नदीतल्या माशांची गरज उरत नाही.
वस्तुस्थिती : सुधारित वाण नदीतूनच येतो. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या मत्स्यसंशोधन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने 1992 पासून निवड पद्धतीने ‘जयंती’ रोहू घडवला आणि तो 1997 मध्ये शेतकऱ्यांसाठी खुला केला. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतले रोहू गोळा केले होते. दर पिढीला वाढ सुमारे 17 टक्क्यांनी सुधारली. मुळात फरकच नसते, तर निवड कशातून केली असती? उद्या नवा रोग आला किंवा पाणी अधिक तापले, तर तग धरणारे गुण पुन्हा नदीतच शोधावे लागतील.

गैरसमज : नदीत बीज सोडणे म्हणजे पुण्याचेच काम.
वस्तुस्थिती : कोणते बीज आणि कोणती नदी, यावर ते ठरते. दख्खनी महसीरचे वर्णन निसर्ग अभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या नदीतील माशावरून केले. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्राने या माशाला वाचवण्याचे मोठे काम केले आहे. पण त्याचीच पिल्ले कावेरीत सोडल्यावर तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे पडला. इतर संकटेही होतीच. 2018 मध्ये या कुबड्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

गैरसमज : परदेशी मासा तळ्यातच राहील.
वस्तुस्थिती : अतिवृष्टीत तळे फुटले की मासा ओढ्यातून नदीला मिळतो. 1952 मध्ये भारतात आणलेल्या चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. नदीत शिरल्यावर तिला आवरणे कठीण. आफ्रिकन वंशाच्या ‘थाई मांगूर’ला तर देशात बंदीच आहे.

म्हणून बीज खात्रीच्या केंद्रातून घ्यावे आणि तिथे नर-मादी कुठून आणले, किती वर्षांनी बदलले, हे विचारावे. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावावी. नदीत सोडायचेच असेल, तर त्याच खोऱ्यातल्या माशाचे बीज सोडावे आणि तेही मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्याने. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढणारा, अंड्याने भरलेला मासा पकडू नये. नद्यांतले मूळ मासे टिकले, तरच उद्याच्या शेततळ्याला चांगले बीज मिळेल.