विमानाला ‘फुरगोच’ म्हणणारे टेक्सासचे गाव. १७० वर्षांनंतर पोलिश वारसा कसा टिकला?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पान्ना मारिया नावाचे छोटेसे गाव आहे. पोलिश भाषेत या नावाचा अर्थ ‘कुमारी मारिया’. अमेरिकेतील सर्वांत जुनी कायमची पोलिश वसाहत म्हणून ते ओळखले जाते. पण इथली पोलिश बोली आता शेवटच्या पिढीकडे आली आहे.

हे लोक आले कुठून?

सायलेशिया या प्रांतातून. १८५४ मध्ये तो प्रशियाच्या ताब्यात होता. पूर, महागाई आणि रोगराईने तिथले शेतकरी बेजार झाले होते. टेक्सासमध्ये काम करणारे धर्मगुरू लिओपोल्ड मोचिगेंबा यांनी पत्रे लिहून त्यांना बोलावले. सुमारे १०० कुटुंबे जहाजाने आली आणि किनाऱ्यापासून पायपीट करत आत गेली. २४ डिसेंबर १८५४ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, त्यांनी ओकच्या झाडाखाली पहिली प्रार्थना केली.

चर्चची भूमिका काय?

१८५६ मध्ये चर्च बांधून झाले. पुढे वीज पडून ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा लोकांनी पुन्हा उभारले. शेजारी शाळा आणि दफनभूमी आली. त्यामुळे बारसे, लग्न, शिक्षण आणि अंत्यविधी सगळे एकाच आवारात आणि आपल्या भाषेत होत असे. थडग्यांवरचे पोलिश लेख आजही दिसतात. चेंस्तोहोवाच्या मारियामातेचे मोझेक चित्र १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी भेट दिले. मोचिगेंबा यांचे अवशेषही १९७४ मध्ये इथे आणून ओकच्या झाडाखाली पुरण्यात आले.

बोली वेगळी का?

ही मंडळी निघाली तेव्हा विमानाचा शोध लागला नव्हता. पुढे पोलंडमध्ये विमानाला ‘सामोलोत’ म्हणू लागले, सायलेशियात जर्मनवरून ‘फ्लिगर’ शब्द आला. टेक्सासकरांनी मात्र ‘उडणे’ या आपल्याच क्रियापदावरून ‘फुरगोच’ घडवला. सायलेशियात न दिसणाऱ्या रॅटलस्नेक सापाला त्यांनी ‘श्चिरकोवा’, म्हणजे ‘खुळखुळणारी’, असे नाव दिले. जर्मनीकरणाची सक्ती सुरू होण्याआधीच ते बाहेर पडल्यामुळे त्यांच्या बोलीत जर्मन शब्दही कमी आहेत.

मग धोका कशाचा?

शाळेत, बाजारात आणि नोकरीत इंग्रजी आली. तरुण शहरांकडे गेले. आता ही बोली प्रामुख्याने ज्येष्ठच बोलतात. नातवंडांकडे पोलिश आडनाव असते, पण आजीशी गप्पा इंग्रजीत होतात.

पुढे काय?

२०२१ मध्ये गावात पोलिश वारसा केंद्र सुरू झाले. स्थलांतराचा इतिहास, जुन्या वस्तू आणि कुटुंबांच्या नोंदी तिथे जपल्या जातात. इमारत, चित्र आणि थडगी टिकतील अशी व्यवस्था झाली आहे. ‘फुरगोच’ हा शब्द मात्र घरात लहान मुलांच्या कानावर पडला, तरच बोलण्यात राहील.