सरळ रेषेसाठी दोन डायोड

जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा ठिपका काचेवर डावीकडून उजवीकडे एका चालीने सरकायचा आणि झटकन मागे यायचा. आपल्याकडच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत हे सेकंदाला १५,६२५ वेळा घडे. त्याला ओढणारा प्रवाह करवतीच्या दात्यासारखा हळू चढे, एकदम पडे. या आकाराचा रॅम्प ब्रेडबोर्डवर ५५५ या आयसीने तासाभरात तयार होतो. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये आरेखित केलेली ही आयसी आजही सर्रास मिळते.

तिच्या २ आणि ६ क्रमांकाच्या पिना कपॅसिटरवरच्या व्होल्टेजवर पहारा देतात. पुरवठा ९ व्होल्टचा असेल, तर व्होल्टेज ६ झाल्यावर ७ नंबरची पिन कपॅसिटर रिकामा करू लागते. ते ३ पर्यंत उतरलं की पुन्हा भरणं सुरू. या तिन्ही पिना कपॅसिटरलाच जोडायच्या.

पण भरायचा कसा? मी प्रथम नुसता रेझिस्टन्स लावला आणि स्कोपवर रेषा धनुष्यासारखी वाकलेली दिसली. भरलेल्या टाकीला तळाशी नळी लावून शेजारचं रिकामं पिंप भरायला घ्या: दोन्हींच्या पातळ्या जवळ येतील तशी धार मंदावते. इथे तेच होतं. सरळ रेषेसाठी धार शेवटपर्यंत सारखीच हवी.

हे काम बीसी ५५७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या बेसपासून +९ पर्यंत एकापुढे एक दोन ४१४८ डायोड आणि जमिनीकडे १० किलोओहम, एमिटरपासून +९ पर्यंत ६८० ओहम, कलेक्टर कपॅसिटरला. डायोडांवर सुमारे १.३ व्होल्ट पडतात, त्यातले निम्मे ट्रान्झिस्टर घेतो. उरलेले ०.६५ व्होल्ट ६८० ओहमवर, म्हणजे प्रवाह जवळपास १ मिलिअँपिअर. कपॅसिटर कितीही भरलेला असो, हा प्रवाह बदलत नाही. मला या मंडलातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

हिशेबही तोंडी होतो. १ मायक्रोफॅरडला १ मिलिअँपिअर दिला की दर मिलिसेकंदाला १ व्होल्ट चढतो. ३ ते ६ व्होल्टला ३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३० दाते. कपॅसिटर दहापट लहान घेतला की दाते साधारण दहापट.

कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या, इलेक्ट्रोलिटिक गळतो. आणि रॅम्प थेट त्याच्यावरून काढू नका: पुढचं मंडल प्रवाह खेचेल आणि रेषा पुन्हा वाकेल. मध्ये एलएम ३५८ चा बफर ठेवा, मगच स्कोपच्या पडद्यावर पट्टी धरून बघा.